मुंडावळ्या, फासे आणि आमची उपवर मंडळी

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला होता. फेटे घातलेले, मुंडावळ्या बांधलेले, काही तर चक्क घोड्यावर बसलेले अविवाहित तरुण जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर गेले आणि लग्नाला मुली मिळत नाहीत अशी त्यांनी तक्रार गुदरली. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, लोक हसले. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणे अमलात आणा, ही त्यांची मागणी मुळीच हसण्यासारखी नव्हती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजारी ८९४ मुली. आमच्या गुजरातचे आकडे ९१९ आणि ८९०, म्हणजे त्याहूनही उणे. त्या वेळची बालके आता लग्नाच्या वयाला टेकू लागली आहेत.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतला प्रश्न मात्र नुसत्या आकड्यांचा नाही. येथे मुलगा आहे, मुलगीही आहे. दोघेही शिकलेली, मिळवती, एकाच शहरात राहणारी. पण त्यांची गाठच पडत नाही. पूर्वी ती कशी पडे ते आठवून पाहा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, कोणत्याही भागात जा, चार वाडे सोडून पाचव्यात कोणीतरी नात्याचे निघे. गणपतीच्या दिवसांत नाटकाच्या तालमी चालत, कोजागिरीला गच्च्या भरत. कोणी कोणाला मुद्दाम पाहायला जात नसे, आणि तरी वर्षाकाठी सगळ्यांनी सगळ्यांना पाहिलेले असे. कोण तापट, कोण चिकट, कोण आजारी आईच्या उशाशी रात्र काढतो, हे पत्रिका हाती येण्याआधीच ठाऊक असे.

ती व्यवस्था सोन्याची होती असे मी म्हणत नाही. मुलीला ‘नको’ म्हणण्याची सोय तीत फार थोडी होती. ज्या संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा आणि १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा केला, त्याच संस्थानाच्या राजकन्येला आपल्या मनासारखा वर मिळवण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागला! इंदिराराजांची ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेली सोयरीक आणि ती मोडल्याचे त्यांनी स्वतःच लिहिलेले पत्र, ही कथा आमच्या आज्यांनी आम्हांला कितीदा सांगितली असेल! कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी त्यांचा विवाह १९१३ मध्ये लंडनला झाला. पण मला त्यातला एक साधा तपशील महत्त्वाचा वाटतो. त्या दोघांची ओळख झाली ती १९११ च्या दिल्ली दरबारात. म्हणजे राजकन्येलासुद्धा चार दिवस चार माणसांत वावरण्याचे निमित्त लागले. आमच्या मुलांना दरबार कोठून आणावा?

वाडे पडून तेथे इमारती झाल्या. निम्मी मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला गेली. राहिलेली मकरपुरा आणि हालोलच्या कारखान्यांत पाळ्या करतात. अशा मुलांपुढे सध्या दोन वाटा आहेत. एक कांदेपोह्यांची. तीत अर्ध्या तासात आठ वडीलधाऱ्यांच्या देखत परस्परांचा स्वभाव ओळखायचा असतो. दुसरी भ्रमणध्वनीवरची. २०१२ मध्ये अमेरिकेत निघालेले टिंडर किंवा २०१८ च्या अखेरीस आपल्याकडे आलेले बंबल यांत छायाचित्र पाहून एका बोटाने माणूस डावीकडे सारायचा की उजवीकडे, एवढेच ठरवायचे. वरकरणी या दोन वाटांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण दोन्हींकडे माणूस मांडून ठेवलेला असतो आणि समोरचा परीक्षक असतो. मुले दोन्हींना कंटाळली आहेत.

म्हणूनच तिसरी एक गोष्ट जी हळूहळू रुजत आहे, तिच्याकडे मी कुतूहलाने पाहत आहे. ती म्हणजे पटावरचे खेळ. मुले त्यांना ‘बोर्डगेम’ म्हणतात. टोरंटो शहरात २०१० मध्ये एक उपाहारगृह निघाले. माणशी आकार द्यावा आणि फळीवरचा हवा तो खेळ काढून बसावे, अशी तेथली रीत. ती पद्धत जगभर पसरली, मुंबई-पुणे-बंगळुरातही आली. आमच्या गावात मुले एखाद्या कॉफीच्या दुकानात किंवा कोणाच्या गच्चीवर आपापले खोके घेऊन जमतात. अविवाहित मित्रांच्या टोळक्याला रविवारची संध्याकाळ घालवायला हे बरे साधन मिळाले आहे, आणि त्या टोळक्यात आता मुलीही येतात. साहजिकच काही जोड्या जमतात, काही मोडतात.

वडील मंडळींच्या कपाळाला लगेच आठी पडते. पट म्हटला की त्यांना द्यूत आठवते, धर्मराज आठवतो. त्यात गेल्या काही वर्षांत पैसे लावून खेळायच्या ‘ऑनलाइन’ खेळांनी घरे धुऊन नेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला, तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. पण या पटावर पैसा नसतो. आणि पट व दांपत्य यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत बसली आहेत. जेजुरीच्या खंडोबाची लोककथा तर सर्वश्रुत आहे: म्हाळसेशी सारीपाटात हरला आणि बारा वर्षे बानूची मेंढरे राखायला गेला. (हरण्याची त्याला फारशी खंत वाटली नसावी, असे आमची एक आत्या म्हणे.) लग्नातसुद्धा वधूच्या मुठीतली सुपारी सोडवण्याचा खेळ होताच. तो लग्न लागल्यावर होई, एवढाच काय तो फरक.

आता या नव्या खेळांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सगळा मुद्दा त्यांच्या घडणीत आहे. ‘कटान’ हा खेळ घ्या. क्लाउस टॉयबर नावाच्या दंतशाळेचा व्यवसाय करणाऱ्या जर्मन गृहस्थाने तो रचला. १९९५ मध्ये तो निघाला आणि त्याच वर्षी जर्मनीत वर्षातील उत्कृष्ट खेळाचा मान त्याला मिळाला. षट्कोनी तुकड्यांचे एक बेट मांडायचे, त्यावर रस्ते आणि वस्त्या बांधायच्या. फासे पडतील त्याप्रमाणे लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज पदरात पडते. पण हवे ते सगळे कोणालाच कधी मिळत नाही. म्हणून देवघेव करावी लागते. ‘दोन लोकरी घे, एक वीट दे’ असे प्रत्येक फेरीला चाललेले असते. लहानपणीच्या ‘व्यापारा’त एकाचे दिवाळे निघाले की तो तास दीड तास भिंतीला टेकून बसे. येथे कोणी मधूनच बाद होत नाही. दहा गुण होईपर्यंत सगळ्यांना सगळ्यांशी बोलत राहावेच लागते.

‘कोडनेम्स’ हा दुसरा, २०१५ मधला. पंचवीस शब्द पुढे मांडलेले, दोन पक्ष; म्होरक्याने एकच शब्द आणि एक आकडा उच्चारायचा आणि आपल्या पक्षाने त्यावरून नेमके शब्द ओळखायचे. त्यात कोणाच्या डोक्यात कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी राहतो, हे उघड होते. तिसरा ‘हानाबी’. त्यात आपली पाने आपल्याला दिसतच नाहीत, ती इतरांकडे तोंड करून धरायची आणि त्यांच्या सूचनांवर विसंबून खेळायचे. इतका विश्वास काही घरांत वर्षानुवर्षांच्या संसारातही आढळत नाही.

माझ्या भाच्याच्या आग्रहाने मी अशा एका संध्याकाळी गेलो. “मामा, नुसते बघत बसू नका, नाहीतर सगळे अवघडतात,” असे त्याने आधीच बजावले होते. म्हणून मीही एका कोपऱ्यात पत्त्यांचा एक सोपा डाव धरला आणि लक्ष शेजारच्या मेजावर ठेवले. तेथे कटान चालला होता. तीन मुलगे आणि एक मुलगी. भाषा मराठी, गुजराती, इंग्रजी यांची खिचडी; दान आले की मराठी आणि गेले की गुजराती. मुलगी चांगली खेळत होती. तिला रस्त्यासाठी वीट हवी होती. एका मुलाजवळ ती होती. त्याने काहीही न मागता वीट तिच्यापुढे सरकवली. दुसऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले, एक जण खोकला. मुलीने ती वीट तशीच परत सरकवली. “फुकट नको. दोन धान्ये घे आणि दे, नाहीतर ठेव,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मेजावर क्षणभर शांतता पसरली.

परतताना मी भाच्याला त्याविषयी विचारले. तो म्हणाला, “ती आता बहुधा येणार नाही. आधीची एक अशीच गेली.” आणि मग त्याने जे सांगितले ते मला आजवर वाचलेल्या कोणत्याही समाजशास्त्रीय विवेचनापेक्षा अधिक कळले. त्यांच्या जमावात मुलगे दहा-बारा असतात आणि मुली दोन-तीन. आलेली प्रत्येक मुलगी लग्नासाठीच आली आहे, असे निम्मे मुलगे धरून चालतात. कोणी तिला मुद्दाम जिंकू देतो, कोणी नियम न विचारता समजावतो, कोणी घरी सोडायला स्कूटर काढून उभा राहतो. तिने एकाला होकार दिला तर बाकीचे रुसतात आणि नकार दिला तर तोच रुसतो. मग पुढच्या रविवारी चार जण जमत नाहीत. ती मात्र बेटावर रस्ते बांधायला आलेली असते!

येथे मला आमच्या तरुण मित्रांशी थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. ज्याला तुम्ही फुकटची वीट म्हणजे सौजन्य समजता, तो पटावरचा पक्षपात आहे. त्याने बाकी दोघांचा डाव बिघडतो आणि जिला दिली तिचाही, कारण ती जिंकली तर ते तिचे जिंकणे राहत नाही. तुम्ही घासाघीस कशी करता, फासे फिरल्यावर तोंड कसे करता, दरोडेखोराची सोंगटी कोणाच्या शेतात आणून बसवता आणि हरल्यावर खोका आवरायला हात लावता की नाही, हे सगळे ती मुलगी पाहतच असते. तेवढे पाहायला मिळणे हाच या मेजाचा गुण. पोह्यांच्या बशीवरून ते दिसत नाही.

आणि प्रश्न केवळ मुलांचा नाही. येथली मराठी वस्ती लहान, सगळे कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचे. सुरसागरच्या पाळीवर दोघे शेवउसळ खाताना दिसली, तर साखरपुड्याची बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचते. मोठ्या शहरात फसलेली ओळख विसरली जाते. आमच्याकडे ती पाच वर्षे पुरते, आणि मुलीला अधिक पुरते. तेव्हा ज्या मुली असल्या बैठकींना जात नाहीत त्यांना लाजाळू म्हणणे अन्यायाचे आहे. त्या हिशेबी आहेत, आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. पण त्याचा परिणाम असा की, समजूतदार मुलगी दूर राहते, मुलगे आपापसांत खेळत तिशी ओलांडतात, आणि दोन्हीकडचे आईबाप परगावच्या विवाहसंस्थांत नाव घालतात.

हे सगळे ऐकून आमच्या एका मंडळाच्या उत्साही सभासदांनी नुकतीच एक योजना पुढे आणली. मंडळाचे सभागृह रविवारी रिकामेच असते. तेथे ‘क्रीडा-परिचय मेळावा’ भरवावा. उपवर मुलामुलींनी छातीवर नाव, शिक्षण, पगार आणि गोत्र लिहिलेले पत्रक लावावे, चार-चारांच्या टोळ्या कराव्यात, दर वीस मिनिटांनी टोळी बदलावी, पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसावे. हेतू उत्तम आहे. सभागृह देण्याची कल्पना तर फारच चांगली. पण या बाकीच्या तपशिलाने पोह्यांची बशी तेवढी बदलून पटाची होईल. वीस मिनिटांत कटानचा अर्धा डावही होत नाही. पालक पाठीशी बसले म्हणजे मुलगा मुलीला वीट देणार आणि मुलीला ती घ्यावी लागणार.

मी माझ्या परीने दुसरे सुचवले आहे. सभागृह रविवारी सहा ते नऊ उघडे ठेवावे. सोळा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत कोणीही यावे. विवाहित जोडपी अवश्य यावीत, म्हणजे प्रत्येक मुलीकडे उपवर म्हणून पाहण्याची सवय मोडेल. काही हजार रुपयांत पाच-सहा खेळ येतात. शिवाय आपल्या माळ्यांवर कापडी सोंगट्यांचे पट आणि कवड्या अजून कितीतरी पडून असतील, ते खाली काढावेत. म्हाताऱ्यांना काहीतरी शिकवायला मिळाले की ते चौकशा कमी करतात. नियम दोनच. दान फुकट द्यायचे नाही, आणि कोणाला घरी सोडायचे ते तिने विचारले तरच. लग्नाचा शब्द सूचनाफलकावर नको.

“मग लग्ने जमणार कशी?” असे एका वहिनींनी मला विचारले. त्यांच्या घरी एकतीस वर्षांचा मुलगा आहे, आणि त्यांच्या प्रश्नातला घोर मला समजतो. जमतील याची हमी मी त्यांना दिली नाही. पण त्यांचा मुलगा वर्षभरात वीस रविवार तरी काही मुलींशी निव्वळ लोकरीच्या भावावरून भांडला असेल, तर सध्यापेक्षा तो बरा ओळखला गेला असेल आणि त्यालाही समोरच्याची थोडी पारख आली असेल, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि दोन्ही योजना तिच्यापुढे यायच्या आहेत. मेळाव्याचीच योजना मंजूर झाली, तर निदान पत्रकातला पगाराचा आणि गोत्राचा रकाना गाळावा, अशी दुरुस्ती मी लेखी देऊन ठेवली आहे.