न विचारता मोडलेलं राज्य

चेकोस्लोव्हाकियाचा विषय निघाला की आपल्याकडचे जाणकार दोन वाक्यांत निकाल लावतात. पहिलं वाक्य असं, की हे राज्य पहिल्या महायुद्धातल्या विजेत्यांनी नकाशावर जुळवलेलं होतं, ते टिकणारच नव्हतं. दुसरं असं, की म्हणूनच १९९३ मध्ये दोन्ही समाज राजीखुशीने, एकही गोळी न झाडता वेगळे झाले. यात गोळी झाडली गेली नाही एवढं खरं. बाकीचा पूर्वपक्ष तपासायला घेतला की ढासळतो.

आधी कृत्रिमपणाचा आरोप. २८ ऑक्टोबर १९१८ ला प्रागमध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं. दोनच दिवसांनी मार्टिन गावी जमलेल्या स्लोव्हाक पुढाऱ्यांनी, त्यातल्या बहुतेकांच्या कानांवर प्रागची बातमी आलेलीही नसताना, हंगेरीशी नातं तोडून चेकांबरोबर राहायचा ठराव केला. पॅरिसची शांतता परिषद भरायला तेव्हा अडीच महिन्यांहून जास्त अवकाश होता. राज्याचे संस्थापक मासारिक यांचे वडील स्लोव्हाक होते. त्यांचे सहकारी श्तेफानिक हे तर पक्के स्लोव्हाक, खगोलशास्त्रज्ञ आणि फ्रेंच सैन्यातले जनरल. आणि सगळ्यात मोठा पुरावा १९४४ चा. हिटलरच्या कृपेने १९३९ मध्ये टिसो यांचं ‘स्वतंत्र’ स्लोव्हाक राज्य उभं राहिलं होतं. त्याच राज्याविरुद्ध स्लोव्हाकांनी ऑगस्ट १९४४ मध्ये बान्स्का बिस्त्रित्सा इथून उठाव केला आणि चेकांबरोबरचं प्रजासत्ताक परत मागितलं, मात्र बरोबरीच्या नात्याने. कागदी राज्यासाठी माणसं डोंगरात बंदूक घेऊन मरायला जात नाहीत.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मान्य करायला हवा. १९२१ च्या जनगणनेत इथे ३१ लाखांवर जर्मन होते, म्हणजे स्लोव्हाकांहूनही जास्त, आणि या राज्यात राहायचं का असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण तो प्रश्न आधी १९३८ च्या म्युनिक कराराने आणि मग १९४५ नंतरच्या निर्दय हकालपट्टीने संपला. १९९३ च्या फाळणीचं खापर त्यावर फोडता येत नाही.

मग दुखणं कुठे होतं? दिलेल्या शब्दात. मे १९१८ च्या पिट्सबर्ग करारात स्लोव्हाकांना स्वतःचा कारभार, स्वतःचं विधिमंडळ आणि स्वतःची न्यायालयं मिळतील असं लिहिलं होतं आणि खाली मासारिक यांची सही होती. १९२० च्या राज्यघटनेत यातलं काहीच उतरलं नाही. तिथे अवतरलं ते एकसंध ‘चेकोस्लोव्हाक राष्ट्र’. अमेरिकेतल्या स्थलांतरितांशी झालेला तो एक स्थानिक समझोता होता, असं मासारिक पुढे म्हणाले. (थोर माणसांनाही सही अडचणीची वाटू शकते.) १९४५ मध्ये कोशित्सेत पुन्हा बरोबरीचं वचन दिलं गेलं, तेही कम्युनिस्टांच्या राज्यात विरलं. ‘बूर्ज्वा राष्ट्रवादी’ ठरवून गुस्ताव हुसाक यांच्यासारख्या स्लोव्हाक कम्युनिस्टालाच तुरुंगात डांबण्यात आलं.

संघराज्य अखेर मिळालं ते १ जानेवारी १९६९ पासून, म्हणजे सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर. याच संघराज्यात पुढच्या मोडतोडीची कळ होती. संसदेच्या राष्ट्रसभागृहात ७५ चेक आणि ७५ स्लोव्हाक सदस्य. घटनादुरुस्तीला दोन्ही गटांत वेगवेगळं तीन-पंचमांश मत हवं. म्हणजे एका बाजूचे ३१ सदस्य अडून बसले की गाडं थांबलं. सगळे निर्णय पक्षाच्या कचेरीत होत असताना या तरतुदीला काही अर्थच नव्हता. १९८९ नंतर खऱ्या निवडणुका झाल्या आणि ती अचानक जिवंत झाली. १९९० मध्ये देशाच्या नावात जोडरेघ असावी की नसावी यावर संसद आठवडेच्या आठवडे भांडली, ते उगाच नव्हे. त्यात आर्थिक सुधारणांचा फटका स्लोव्हाकियाला जास्त बसला. तिथली बेकारी चेक भागाच्या दुपटीहून अधिक होती.

आता ‘राजीखुशी’कडे येऊ. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक भागात क्लाउस यांचा आणि स्लोव्हाकियात मेचियार यांचा पक्ष पुढे आला. क्लाउसना झपाट्याने खासगीकरण हवं होतं आणि त्यासाठी मजबूत केंद्र, नाहीतर सरळ फारकत. मेचियारना सैलसर महासंघ हवा होता. दोघांनी ऑगस्टअखेर ब्र्नोच्या टुगेंडहाट बंगल्यात बसून तारीख ठरवली. देश मोडावा असं म्हणणारे मात्र त्या काळच्या जनमत चाचण्यांत दोन्ही भागांत अल्पमतातच होते. सार्वमतासाठी लाखो लोकांनी सह्या केल्या होत्या. इतकंच नव्हे, घटकराज्याला बाहेर पडायचं तर सार्वमत घ्यावं लागेल असा कायदाच १९९१ मध्ये झालेला होता. त्यातून काढलेली वाट वकिली आहे: कोणी बाहेर पडलंच नाही, संसदेने २५ नोव्हेंबर १९९२ ला संघराज्यच बरखास्त केलं, तेही काठावरच्या मतांनी. मतदारांनी या पक्षांना निवडून दिलं होतं हे खरं. पण देश मोडायचा कौल त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता.

यावर शेवटचा बचाव असतो तो आजच्या सलोख्याचा. वेगळे झाले म्हणूनच गुण्यागोविंदाने राहतात, असं म्हणतात. पण हा पुरावा नेमका उलटा पडतो. ज्यांचं एकत्र नांदणंच अशक्य होतं म्हणतात, त्यांची मुलं आजही ब्र्नोच्या मासारिक विद्यापीठात शिकायला येतात आणि परीक्षेचे पेपर स्लोव्हाक भाषेत लिहितात. ते तपासणाऱ्या चेक प्राध्यापकांना दुभाषा लागत नाही.