आर्ट्सची फी आणि आपली पुंजी

गेल्या शुक्रवारी रुवीच्या बाजारातून भाजी घेऊन येताना एक स्नेही भेटले. बोलता बोलता मुलांचा विषय निघाला.

"धाकटीची दहावी झाली ना? आता सायन्सच असेल?"

"नाही, ह्युमॅनिटीज घेते आहे. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र."

ते क्षणभर थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "का हो, मार्क कमी पडले का?"

मार्क चांगले होते. पण त्यांना दोष कसा देऊ? चार वर्षांपूर्वी मीही हेच विचारले असते.

चार वर्षांपूर्वी आम्ही आमच्या थोरल्याला भारतातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात एनआरआय जागेवर घातले. त्याचा ओढा भाषांकडे. पण "आवड काय, घरीसुद्धा जोपासता येते," असे म्हणून आम्ही तो विषय मिटवला. दुसऱ्या वर्षाअखेर त्याचे सात विषय राहिले. फोनवर मात्र "सगळं ठीक आहे" एवढेच. सुट्टीत आला तेव्हा विमानतळावर त्याच्या आईने त्याला पाहिले आणि ती गप्पच झाली. वजन उतरलेले, रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी आम्हाला एकच विचारले, "याला हे शिकायचे आहे का?" हा साधा प्रश्न आम्ही आईबापांनी कधी विचारलाच नव्हता.

आज तो सांगलीला आजीजवळ राहून बी. ए. करतो आहे. जेवतो, झोपतो, वादही घालतो. आमच्या दृष्टीने हीच मोठी कमाई.

आता पैशाचे बोलू, कारण हिशेब लिहिणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्यता दिली. त्यांची फी इतरांपेक्षा बरीच जास्त असते. ती फी, वसतिगृह, खानावळ आणि विमानाची तिकिटे धरून थोरल्याच्या दोन वर्षांत माझी चौदा महिन्यांची बचत गेली. आता त्याच्या बी. ए. ची तिन्ही वर्षे मिळून चार महिन्यांच्या बचतीत बसतील. आपल्याला इथे पेन्शन नाही. नोकरी संपली की रेसिडेंट कार्डही संपते. ग्रॅच्युइटी आणि साठवलेली पुंजी हाच म्हातारपणाचा आधार. मुलाला नको असलेल्या जागेवर ती घालवणे म्हणजे दोन पिढ्यांचे नुकसान.

माझे मेहुणे अमेरिकेत न्यू जर्सीत असतात. त्यांच्या मुलीने पहिली दोन वर्षे घरून ये-जा करून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात साहित्य आणि इतिहास शिकून काढली. मग ती श्रेयांकांसह मोठ्या विद्यापीठात गेली. निम्मे शिक्षण कमी फीत झाले आणि आपल्याला काय हवे ते कळायला सवडही मिळाली. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे असे काही नाही, असे म्हणू नका. समाजाने उभी केलेली, गावाजवळची, परवडणारी कॉलेजे ही महाराष्ट्राची जुनी मिळकत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तिथे 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर, अंगमेहनत करून गरिबांची मुले पदवीधर झाली. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशी सोय आहे. मध्येच थांबावे लागले तरी मूल अगदी रिकाम्या हाताने परतत नाही.

"पण सायन्स घेऊन मागाहून आर्ट्सला जाता येते, उलट जाता येत नाही," असे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. खरे आहे. बारावीला विज्ञान नसेल तर इंजिनिअरिंग आणि मेडिकलचे दार बहुधा बंद होते. म्हणून निर्णय घाईने घेऊ नये. पण ज्या दारातून मुलाला आत जायचेच नाही, ते उघडे ठेवण्यासाठी त्याची दोन वर्षे आणि आपली ट्यूशनची फी का मोजावी?

नुसत्या बी. ए. वर चांगली नोकरी लागते, असा माझा दावा नाही. बी. ए. हा पाया आहे, वरचा मजला आधीच ठरवावा लागतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसता येते. पत्रकारिता, अध्यापन, समाजकार्य यांच्याही वाटा आहेत. मुलांना अर्थशास्त्राबरोबर गणित घ्यायला सांगा, एखादी परकी भाषा नीट शिकू द्या. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या कानावर अरबी लहानपणापासून पडते. हे भांडवल आपण फुकट घालवतो. आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख संस्कृतचे जाणकार होते, 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणले, हेही विसरू नये. आकडे आणि काव्य एका डोक्यात सुखाने नांदतात.

तेव्हा अकरावीचा फॉर्म भरण्याआधी प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात. एका कागदावर संपूर्ण पदवीचा खर्च रियालमध्ये मांडावा आणि तो आपल्या किती महिन्यांच्या बचतीइतका आहे ते पाहावे. मग मुलाला समोर बसवून विचारावे, "तुला हे शिकायचे आहे का?" उत्तर येईपर्यंत थांबावे. मध्ये बोलू नये.

त्या स्नेह्यांना मी उत्तर दिले, "मार्क चांगले पडले, म्हणून तर घेतेय." ते हसले. निघताना मात्र म्हणाले, "आमचा धाकटासुद्धा चित्रे काढत बसतो हो. एकदा विचारायला हवे."

अवश्य विचारा.