खिडकी: कागदावरची आणि खोलीतली

नव्या होस्टेलचं प्लास्टर उरकत आलं. आता खिडक्यांची ऑर्डर जाणार. रंग कुठला, यावर मेसमध्ये रोज वाद चालतात. माझं म्हणणं एवढंच, की रंगाआधी वारा बघा.

गणित सोपं आहे. खोली १२ बाय १५, म्हणजे १८० चौरस फूट. उष्ण-कोरड्या हवेत उघडणारी जागा जमिनीच्या निदान एक दशांश हवी, म्हणजे १८. आपली खिडकी ५ बाय ४, म्हणजे २०. कागदावर पास! पण दोन ट्रॅकची स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते. वारा येणार १० चौरस फुटांतून. एका खोलीत तिघं, एप्रिलची रात्र, आणि लाईट गेलेली. बसा मग नोट्सने वारा घालत! केंद्र सरकारने घरांसाठी २०१८ साली इको निवास संहिता काढली. तिच्यात अशा स्लायडिंगला ५० टक्के धरतात आणि बिजागरीच्या खिडकीला ९०. म्हणजे त्याच भोकातून बरोब्बर १८ चौरस फूट मिळतात. होस्टेलला संहिता लागू असो-नसो, वाऱ्याला काय त्याचं?

एक मात्र खरं, नुसती खिडकी मोठी करून भागत नाही. आलेला वारा बाहेर जायला समोर वाट लागते. दारावर व्हेंटिलेटर ठेवा, आणि तो काचेने कायमचा बंद करू नका.

आपल्या भागातलं औंध बघा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, तेव्हा दालनांत नैसर्गिक उजेड आणि हवा येईल याची काळजी घेतली. चित्रांसाठी एवढा विचार होतो, तर जर्नल लिहिणाऱ्या पोरांसाठी का नको? त्याच संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गजांशिवायचा तुरुंग! आणि आम्हाला मात्र भिंतीत कायमची गाडलेली जाळी. चोरीची भीती मान्य. पण आग लागली तर? प्रत्येक खोलीत ग्रिलचा एक भाग आतून उघडणारा हवाच. बाहेर उघडणारी झडप ओढून घ्यायलाही तोच उपयोगी पडेल. डासांची जाळी त्याच्यावरच बसवा, म्हणजे काढून धुता येईल. डेंग्यूचं वर्ष कोण विसरलंय?

स्लायडिंगवाल्यांचंही ऐकू. ती वाऱ्याने आपटत नाही, कॉरिडॉरमध्ये कुणाच्या डोक्याला लागत नाही, आणि स्वस्त पडते. मग कॉरिडॉरच्या बाजूला खुशाल स्लायडिंग लावा. बाहेरच्या बाजूला बिजागरी घ्या आणि चांगले हूक द्या. हुकात पैसे वाचवले की पहिल्याच वळवात काच फुटलीच समजा.

आता बसवण्याचं. खिडकी गळते ती बहुतेक वेळा काचेतून नाही, कडेतून. फ्रेम आणि भिंत यांच्यातली फट नुसत्या सिमेंटने लिंपली की ती तडकते. तिथे सीलंट हवं. खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला पाणी जायला भोकं असतात, ती गवंडीदादा हमखास सिमेंटने बुजवतात. छज्जाच्या खालच्या कडेला खाच ठेवली तर पाणी भिंतीकडे न येता खाली गळतं. या गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागतं ते उभं राहून बघणारं माणूस.

म्हणून रेक्टर सरांना आणि बांधकाम समितीला एक विनंती. सगळी ऑर्डर देण्याआधी एकच खोली पूर्ण करा. खिडकीवर पाईपने अर्धा तास पाणी मारा. दुपारी तीन वाजता आत पंखा बंद करून तिघांना बसवा. सिव्हिलची पोरं मोजमाप घेतील, चहासुद्धा मागणार नाहीत. त्यानंतर टेंडर ज्याला द्यायचं त्याला द्या. खिडकी एकदा बसली की पुढची पंचवीस वर्षं तिच्यासमोर कुणीतरी अभ्यास करणार आहे.