मोजणीच्या वेळी घरी कोण होतं?

देशातल्या किती प्रौढांना हृदयविकाराचा धोका आहे, याचे आकडे आता सहज मिळतात. आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उच्च रक्तदाब 35.5 टक्के लोकांना आढळला, मधुमेह 11.4 टक्क्यांना. मला जास्त बोचतो तो 2017-18च्या राष्ट्रीय पाहणीतला आकडा: बीपी असलेल्या शंभरांपैकी आपल्याला बीपी आहे हे जेमतेम 28 जणांना ठाऊक होतं आणि तो आटोक्यात होता सुमारे 13 जणांचा. ते कळत का नाही, हे कर्जत-खालापुरात पाहावं. इथला नोकरदार पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो, खोपोली-रसायनीतल्या कामगाराची पाळी बदलत राहते आणि कित्येक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात. आशाताई दारात येते तेव्हा घरी असतात ती बहुधा म्हातारी माणसं. दवाखाना आहे, यंत्र आहे, गोळ्याही फुकट आहेत. फक्त त्यांची वेळ आणि कमावत्या माणसाची वेळ जुळत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं की वाडीवरच्या काटक माणसाला कसला आलाय बीपी! पण इंडियाबमध्ये ग्रामीण प्रमाणही 33 टक्के होतं. अंगावर चरबी नसली तरी सुकट-बोंबलातलं मीठ आणि तोंडातली तंबाखू, मिश्री आपलं काम करतच असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: आधी कुपोषण पाहा, मग हृदय. मात्र पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून दिसलं की इथली कमी वजनाची बाळंही चरबी राखूनच जन्मतात. गर्भातल्या उपासमारीचा पुढच्या मधुमेहाशी संबंध असतो. म्हणजे कुपोषित वाडीला हृदयविकाराच्या यादीतून वगळणं उलटंच ठरेल.

म्हणून तपासणी संध्याकाळी कर्जत-खोपोलीच्या स्टेशनांवर आणि कारखान्यांच्या फाटकांवर व्हावी. भट्टीवर निघणाऱ्यांना, डोस एकदा बसला की, महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात. देखरेखीविना इतक्या गोळ्या देणं धोक्याचं, असं डॉक्टर म्हणतील. धोका आहेच, पण आज त्याच माणसाची गोळी महिनाभरात संपते आणि पुढची मिळायला जून उजाडतो. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राने कर्जतचं कार्ड बघून बीपी मोजावा आणि गोळ्या द्याव्यात, एवढा आदेश निघायला नवं रुग्णालय बांधावं लागत नाही.