पंचांचा निकाल आणि प्रेक्षकांचा आवेश

महाराष्ट्र केसरी हा मल्लविद्येतील या राज्याचा सर्वांत मानाचा किताब. त्या किताबासाठी २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे झालेल्या लढतींची चर्चा राज्यभर झाली. परंतु ती डावपेचांची नव्हती. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. वाद विकोपाला गेला आणि यापूर्वी हाच किताब पटकावलेल्या या मल्लाने पंचांची कॉलर पकडून त्यांना लाथ मारली. त्याच दिवशी झालेल्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड याने गुणदानावर आक्षेप घेत, अखेरचे काही सेकंद शिल्लक असतानाच आखाडा सोडला. मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली.

बंदीने प्रसंग मिटला, प्रश्न मिटला नाही. जळगाव-धुळ्याकडच्या तालमींतून, शिक्षकांच्या खोलीतून आणि कचेरीतल्या मधल्या सुटीत या विषयावर आजही दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, आवेश हाच खेळाचा प्राण आहे; वर्षानुवर्षांची मेहनत एका चुकीच्या इशाऱ्याने मातीस मिळत असेल, तर मल्लाने मुकाट्याने मान खाली घालावी ही अपेक्षा अमानुष होय. दुसरा तट म्हणतो की, पंच चुकला तरी पंचच असतो. त्याच्या अंगावर हात गेला की खेळ संपतो आणि हाणामारी सुरू होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र दोन्ही तट ज्या प्रश्नाला बगल देतात, तो असा की, पंचाचा शब्द अखेरचा मानायचा तर तो कशाच्या बळावर?

खान्देशाला हा वाद परका नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेस १९६१ साली प्रारंभ झाला आणि पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, धुळ्याने तिचे यजमानपद भूषविले. भगवान मोरे त्या वर्षीचे विजेते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा हा किताब जिंकून जळगाव जिल्ह्याचे नाव राज्यभर नेले. पुढे ते राज्याच्या पोलीस दलात अधिकारी झाले. मोठ्या स्पर्धेच्या निकालामागे केवळ चांदीची गदा नसते. एका घराचे भवितव्य असते, हे त्यांच्या वाटचालीवरून सहज ध्यानात येते.

आवेशाचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. तालमीतला मुलगा बहुधा शेतकऱ्याच्या नाही तर कष्टकऱ्याच्या घरचा. त्याच्या दूध, तूप, बदामाचा खर्च दहा-दहा वर्षे घर सोसत असते. त्यासाठी कधी जनावर विकले जाते, कधी उसनवारी होते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या वाटेने जाण्यास पदक लागते, आणि पदक पंचांच्या बोटावर ठरते. अशा स्थितीत हरलेल्या मल्लाचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु संताप समजणे वेगळे आणि लाथ समर्थनीय ठरविणे वेगळे. ज्याच्या अंगी सामान्य माणसाच्या कित्येक पट बळ आहे, त्याने ते निःशस्त्र पंचावर वापरू नये हा मल्लधर्माचा पहिला पाठ होय. आखाड्याची माती कपाळी लावण्याची रीत आहे, ती याच संयमाची खूण म्हणून.

मातीतून गादीवर

आवेश आणि निर्णय यांतील हे अंतर अलीकडे का वाढले, याचे उत्तर बऱ्याच अंशी खेळाच्या बदललेल्या स्वरूपात सापडते. गावच्या यात्रेतील दंगलीत रेवड्यांवरच्या पोराटोरांच्या कुस्तीपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत निकालाची कसोटी एकच असे. पाठ मातीला लागली की कुस्ती झाली; नाही लागली तर ती बरोबरीत सोडवली जाई. पाठीला चिकटलेली माती हाच पुरावा, आणि तो आखाड्याभोवती बसलेल्या प्रत्येकाला दिसे. पंच गावातलेच, बहुधा जुने वस्ताद. त्यांच्या शब्दाला वजन असे, कारण ते जे सांगत तेच हजार डोळ्यांनी पाहिलेले असे.

आंतरराष्ट्रीय नियमांनी होणारी गादीवरची कुस्ती वेगळी आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण, फेकून थेट धोकादायक स्थितीत आणले तर चार, हद्दीबाहेर ढकलले तर एक. दहा गुणांची आघाडी होताच कुस्ती तेथेच संपते. निर्णय एकटा रेफरी देत नाही. त्याच्याबरोबर जज आणि मॅट चेअरमन असतात, आणि रेफरीने चितपट दाखविली तरी तिला मान्यता लागते. निर्णय मान्य नसेल तर मल्लाच्या प्रशिक्षकाला आव्हान देता येते. मग चित्रफीत पाहिली जाते. आव्हान फोल ठरले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो.

या व्यवस्थेत न्यायाची सोय पूर्वीपेक्षा अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण एक गोष्ट हरवली आहे. दोन गुण की चार, हा भेद क्षणाच्या एका अंशात ठरतो आणि तो लांबच्या प्रेक्षकाला दिसत नाही. नियम ठाऊक नसलेल्या माणसाला दिसतो तो फक्त पंचाचा वर गेलेला हात. मातीत निकाल सर्वांच्या डोळ्यांसमोर लागत असे. गादीवर तो जाहीर होतो. जो निकाल दिसत नाही तो समजावून सांगावा लागतो, आणि नेमके तेच काम आपल्याकडे कोणी करीत नाही. ही पोकळी मग अफवा भरून काढते: जिल्ह्याचा अभिमान, तालमीतालमींचे वैर, पुढाऱ्यांचा वरदहस्त यांच्या कथा.

एकच मल्ल, दोन्ही बाजूंना

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेली स्पर्धा या संदर्भात आठवण्यासारखी आहे. तेथे सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत गायकवाडला एका टांग डावावर चार गुण मिळाले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. चार गुण देण्याजोगी स्थिती झालीच नव्हती, असा सिकंदरच्या चाहत्यांचा दावा होता. लढतीची चित्रफीत लाखो लोकांनी आपापल्या दूरध्वनीवर पुन:पुन्हा पाहिली आणि प्रत्येकाला आपल्या मनातलेच तीत दिसले. पंचांना दूरध्वनीवरून धमकावल्याची तक्रार पोलिसांकडे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथील स्पर्धेत सिकंदरने किताब जिंकला.

म्हणजे जो गायकवाड २०२३ मध्ये वादग्रस्त निर्णयाचा लाभार्थी म्हणून टीकेचा धनी झाला, तोच २०२५ मध्ये निर्णयाविरुद्ध दाद मागत आखाडा सोडून गेला. ही एका मल्लाची विसंगती नव्हे. पंचगिरीचा स्वभावच त्यातून प्रकट होतो. वादग्रस्त निर्णय आज एकाच्या पदरात पडतो, उद्या त्याच्याविरुद्ध जातो. म्हणूनच निर्णयप्रक्रियेची विश्वासार्हता ही कोणा एका तालमीची वा जिल्ह्याची गरज नसून ती सर्वांची सामाईक ठेव आहे. ज्या चाहत्यांनी काल पंचांचा शब्द अखेरचा म्हणून उचलून धरला, त्यांना आज तोच शब्द विकाऊ वाटत असेल, तर त्यांचा राग न्यायासाठी नसून निकालासाठी आहे, असेच म्हणावे लागेल.

यंत्राने सुटणारा प्रश्न नव्हे

कॅमेरे वाढवा म्हणजे तंटे मिटतील, असा एक सोपा उपाय सुचविला जातो. अनुभव तसा नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-पाकिस्तान कसोटीत सचिन तेंडुलकर शोएब अख्तरशी टक्कर होऊन धावचीत झाला. निर्णय तिसऱ्या पंचांनी चित्रफीत पाहूनच दिला होता आणि नियमाला धरून होता. तरीही प्रेक्षागार खवळले, खेळ थांबवावा लागला, आणि शेवटी प्रेक्षकांना बाहेर काढून जवळजवळ रिकाम्या मैदानात सामना पुरा करावा लागला. कॅमेऱ्याने घडले ते दाखविले. ते स्वीकारण्याची मनाची तयारी कॅमेरा देऊ शकला नाही.

दूर कॅनडातील व्यावसायिक फुटबॉलचे उदाहरणही बोलके आहे. तेथील चाहत्यांत आवेश आणि पंचगिरी यांवरचा वाद नित्याचाच. त्या लीगने २०१४ साली चेंडू झेलणाऱ्याला केलेल्या अडथळ्याबद्दलच्या निर्णयालाही प्रशिक्षकाने आव्हान देण्याची मुभा दिली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे प्रथमच घडत होते. पण आव्हानांचा इतका सुकाळ झाला की खेळ वारंवार थांबू लागला, आणि २०१७ च्या हंगामाच्या मध्यावरच एका सामन्यात एकच आव्हान अशी मर्यादा घालावी लागली. दाद मागण्याचा हक्क हवाच. पण त्याला सीमा नसेल तर तो हक्क खेळच गिळून टाकतो. शहाणपण हक्क आणि सीमा यांच्या मधल्या वाटेवर आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, वादग्रस्त निर्णयाचे कारण त्याच ठिकाणी, ध्वनिक्षेपकावरून, सोप्या मराठीत सांगितले गेले पाहिजे. कोणता डाव, किती गुण, का: तीन वाक्ये पुरेत. दुसरी, मोठ्या लढतींची चित्रफीत आखाड्यातील पडद्यावर सर्वांना दाखविली जावी; मातीच्या कुस्तीत जो पुरावा सर्वांना दिसत असे, तो गादीवरही दिसला पाहिजे. तिसरी, पंचांच्या चुकांची चौकशी नियमितपणे व्हावी आणि तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. मल्लाला शिक्षा जाहीरपणे आणि पंचाची चौकशी बंद दाराआड, असा पंक्तिप्रपंच असेल तर शिक्षेला धाक उरतो, मान उरत नाही. आणि चौथी, कुस्तीच्या संघटनांनी आपापसांतले भांडण आवरावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ मध्येही अहिल्यानगरपाठोपाठ कर्जतला दुसरी स्पर्धा भरली. ज्यांचे किताब कोणाचे यावरच एकमत नाही, त्यांनी नेमलेल्या पंचांच्या शब्दावर प्रेक्षकांनी विश्वास ठेवावा तरी कसा?

या साऱ्यात प्रेक्षकाचा वाटा शेवटी सांगितला, तरी तो लहान नाही. तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत कबड्डी, खो-खो, कुस्ती यांची पंचगिरी बहुतेक वेळा शाळेतील क्रीडाशिक्षकच करतात. दिवसभर उन्हात उभे राहायचे, मिळेल त्या तुटपुंज्या मानधनावर समाधान मानायचे, आणि संध्याकाळी हरलेल्या संघाच्या समर्थकांच्या शिव्या खात घरी जायचे, हे त्यांच्या वाट्याला येते. त्या शिट्टीवर विद्यार्थ्यांचे क्रीडासवलतीचे गुण अवलंबून असतात, हे खरे. म्हणून ती काळजीपूर्वक वाजली पाहिजे. पण शिट्टी वाजविण्यास कोणी पुढेच आले नाही, तर सवलतही उरणार नाही आणि स्पर्धाही. मोठ्या आखाड्यातील लाथेचे कौतुक ज्या मैदानावर होते, तेथील चौदा वर्षांचा मुलगा काय शिकतो, याचा विचार पालकांनी व शिक्षकांनी करावयास हवा.

आवेशाशिवाय आखाडा ओस पडेल, यात शंका नाही. शड्डूचा आवाज घुमला की माणसे उठून उभी राहतात, त्यातच या खेळाचे आयुष्य आहे. परंतु ज्या समाजाला हरल्यावर दाद कोठे मागावी हे ठाऊक नसते, किंवा मागितलेली दाद ऐकली जाईल असा भरवसा नसतो, तो समाज हात उगारतो; आणि हे केवळ कुस्तीपुरते खरे नाही. पंचाला निर्भय करणे आणि त्याच वेळी त्याला उत्तरदायी ठेवणे ही दोन्ही कामे एकदम करावी लागतील. त्यांपैकी पहिले टाळले तर आखाड्यात दांडगाई माजेल. दुसरे टाळले तर लाथ मारणाराच लोकांना नायक वाटू लागेल. अहिल्यानगरनंतर काही ठिकाणी तो तसा वाटला, हीच या प्रकरणातील खरी चिंतेची बाब होय.