विजय ग्राह्य, विजेती बाद

पॅरिस ऑलिम्पिक आणि विनेश फोगाट असा विषय निघाला की बोलणं शंभर ग्रॅमवर येऊन थांबतं. एवढ्याशा वजनासाठी एवढी शिक्षा कशाला, असा सूर लागतो. त्या शंभर ग्रॅमबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पन्नास किलोचा गट म्हणजे पन्नास किलो. आज शंभर ग्रॅम सोडले तर उद्या दोनशेवाला दारात उभा राहील. काटा बरोबर होता. अन्याय झाला तो काट्यावरून उतरल्यानंतर, आणि निकालपत्रक नीट वाचलं तर तो आजही दिसतो.

६ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेशचं वजन पन्नासच्या आत भरलं. पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी. टोकियोत सुवर्ण जिंकताना सुसाकीने एकही गुण दिला नव्हता आणि परदेशी पैलवानाकडून ती तोवर कधीच हरली नव्हती. लढत संपत आली तरी विनेश ०-२ अशी मागे होती. पण ते दोन्ही गुण तिच्या निष्क्रियतेबद्दल सुसाकीला मिळालेले होते, डाव मारून कमावलेला त्यात एकही नव्हता. विनेशने डाव बसू दिला नाही, दम राखून ठेवला आणि शेवटच्या काही सेकंदांत ताबा घेऊन दोन गुण मिळवले. जपानने दाद मागितली, ती फेटाळली गेली, त्याचा एक गुण वाढला. ३-२. कुस्तीतला संयम काय असतो हे नव्या पोरांना दाखवायचं असेल तर वस्तादांनी ही एक लढत दाखवावी. पुढे युक्रेनची ओक्साना लिवाच ७-५, क्युबाची युस्नेलिस गुझमान ५-०. ऑलिम्पिक कुस्तीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

तीन कुस्त्यांच्या मध्ये पाणी आणि खाणं पोटात जातंच, त्याशिवाय अंग उभं राहत नाही. उपांत्य फेरीनंतर तिचं वजन २.७ किलोंनी जास्त भरल्याचं तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलं. मग रात्रभर घाम गाळणं. भारतीय पथकाचे वैद्यकीय प्रमुख, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितलं, की तिचे केससुद्धा कापले. दुसऱ्या दिवशी वजनासाठी पंधरा मिनिटं असतात. काटा पन्नासच्या पुढे शंभर ग्रॅमवर थांबला. ती स्पर्धेतून बाद, क्रमांक शेवटचा.

आता पुढचं बघा. ‘रेपेचाज’च्या नियमानुसार अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. विनेश बाद झाली, तिच्या जागी गुझमान अंतिम फेरीत गेली, आणि सुसाकी व लिवाच यांची लढत थेट कांस्यपदकाची ठरली. ती सुसाकीने जिंकली. या दोघींना ही संधी मिळाली कशामुळे? त्यांना हरवणारी विनेश अंतिम फेरीत पोचली होती, एवढ्याचमुळे. तिचे विजय खरोखर पुसायचे असते तर गुझमानने ज्यांना हरवलं त्यांना बोलवावं लागलं असतं. तसं झालं नाही. म्हणजे विनेशचे विजय इतरांची पदकं ठरवताना ग्राह्य होते, फक्त विनेशसाठी नव्हते. सुसाकीच्या कांस्याबद्दल मला यत्किंचितही आकस नाही, तिने ते झगडून मिळवलं. पण एकाच कुस्तीच्या निकालाला एकीसाठी मान्यता आणि दुसरीसाठी शून्य, हा हिशेब मला पटत नाही.

दोन दिवसांच्या वजनामागचा हेतू चांगलाच होता. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं आणि संपूर्ण गट दुसऱ्या दिवशी उरकायचा. पैलवान अंगातलं पाणी उडवून काट्यावर चढायचा आणि रात्रीतून खाऊनपिऊन भलत्याच वजनाचा होऊन मॅटवर उतरायचा. हा प्रकार जिवावर बेततो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन पैलवान वजन उतरवताना दगावले. २०१८ पासून जागतिक कुस्ती संघटनेने गट दोन दिवसांवर नेला आणि दोन्ही सकाळी वजन ठेवलं. दुसरं वजन काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण त्याने सगळा त्रास संपला असंही नाही, तो मधल्या रात्रीवर आला. पॅरिसमध्येच उपांत्य लढत हरलेल्या अमन सेहरावतने ५७ किलोत बसण्यासाठी एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवलं आणि मग कांस्यपदक जिंकलं.

याच नियमावलीत एक सवलत आहे. पहिल्या दिवशी लढताना जखमी झालेल्या पैलवानाला दुसऱ्या दिवशी वजनाला यावं लागत नाही, त्याचा निकाल कायम राहतो. म्हणजे विनेशचा गुडघा उपांत्य कुस्तीत दुखावला असता तर रौप्य तिच्याकडे राहिलं असतं. ती धडधाकट होती, प्रामाणिकपणे काट्यावर उभी राहिली, आणि तिला काहीच मिळालं नाही.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड असिकाइनेन यांची ग्रीको-रोमन कुस्ती अकरा तासांहून जास्त चालली. क्लाइन जिंकला, पण सुवर्णपदकाच्या लढतीला उभं राहण्याचं त्राण त्याच्यात उरलं नाही. त्याला रौप्य मिळालं. शेवटची कुस्ती करता आली नाही, पण आधीच्या जिंकल्या होत्या, हे तेव्हाच्या पंचांना पुरेसं वाटलं.

आपल्याकडे अशा वेळी हेलसिंकीची आठवण निघते. १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना पुरेशी विश्रांती न देता पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं आणि नियमावर बोट ठेवायला शेजारी एकही भारतीय पदाधिकारी नव्हता, असं आपण ऐकत आलो आहोत. पॅरिसचं दुखणं वेगळं. क्रीडा लवादापुढे विनेशच्या बाजूने नागपुरात वाढलेले हरीश साळवे उभे होते. लवाद ॲनाबेल बेनेट यांनी १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला, कारण नियमाचे शब्द स्पष्ट होते. मात्र सविस्तर निकालात त्यांनी लिहिलं, की विनेशने काहीही गैर केलं नव्हतं, परिणाम अतिकठोर आहे आणि ज्या फेरीसाठी ती अपात्र ठरली तेवढ्यापुरतीच तिला बाद करणं अधिक न्याय्य झालं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अमनचं वजन १.७ किलोंनी जास्त भरलं आणि तो पहिल्याच सकाळी बाद झाला. त्याबद्दल हळहळ वाटली, पण तक्रार नाही. त्याने एकही कुस्ती खेळलेली नव्हती, त्यामुळे त्याला क्रमांक देण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या सकाळी बाद होणाऱ्याचं तसं नसतं. त्याची अंतिम कुस्ती प्रतिस्पर्ध्याला बहाल करावी आणि त्याला रौप्य द्यावं. पॅरिसच्या महिला ५० किलो गटात हा न्याय लावला असता तर सुवर्ण सेरा हिल्डेब्रँटचंच राहिलं असतं, सुसाकीच्या कांस्यालाही धक्का लागला नसता. गुझमानला कांस्यासाठी लढावं लागलं असतं, आणि उपांत्य फेरीत ०-५ ने हरल्यावर तिच्या वाट्याला तेच होतं.