भिंतीत काय भरलं होतं?

जगातला सर्वांत मोठा भूकंप कोणता, हे स्पर्धा परीक्षेला बसलेला कुठलाही मुलगा सांगेल. चिलीतलं वाल्दिविया, २२ मे १९६०, तीव्रता ९.५. यंत्रांनी याहून मोठा धक्का आजवर नोंदलेला नाही. जवळजवळ दहा मिनिटं जमीन हलत होती. समुद्र उसळला तो पॅसिफिक ओलांडून गेला. पंधराएक तासांनी हवाई बेटांवरच्या हिलो शहरात ६१ माणसं बुडाली, आणि पुढे जपानच्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक.

एवढं होऊन खुद्द चिलीत गेलेल्यांचे अंदाज एक हजार ते सहा हजारांच्या दरम्यान आहेत. आदल्याच दिवशी कन्सेप्सियोन हादरलं होतं आणि मुख्य धक्क्याच्या थोडं आधी आणखी एक जोराचा धक्का बसला होता. त्यामुळे बरीच माणसं घराबाहेर उभी होती.

आता आपली किल्लारी. तीव्रता ६.२. वाल्दिवियाला जमिनीतून सुटलेली ऊर्जा किल्लारीच्या ऐंशी-नव्वद हजार पट होती. तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत आठ ते दहा हजार माणसं मेली.

पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, गाव झोपेत, हे कारण खरंच आहे. पण माणसं मारली ती भिंतींनी. दोन-अडीच फूट रुंदीची काळ्या दगडाची भिंत, बघणाऱ्याला वाटावं पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधल्या पोकळीत बारके दगड आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दीड फूट माती, गळू नये म्हणून वरचेवर वाढवत नेलेली. जमीन हलली तशी भिंत पोटातून फुगली, दोन्ही थर दोन दिशांना सुटले आणि ती सगळी माती झोपलेल्यांवर आली. ज्या घरांत माळवदाचा भार खणाच्या लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या काहींच्या भिंती ढासळल्या पण खांब-तुळया उभ्या राहिल्या. बऱ्याच ठिकाणी वाड्यातली माणसं गेली आणि कुडाच्या खोपटातली वाचली. मला हे अजून पचत नाही. लोकांनी आयुष्याची कमाई घालून जाड भिंत बांधली होती, आणि ती कशी बांधायची हे सांगायला कुणी गेलं नव्हतं.

भूकंपांच्या याद्या वाचताना मी म्हणून आता तीव्रतेचा रकाना शेवटी बघतो. २०१० चंच घ्या. जानेवारीत हैतीमध्ये ७.० चा धक्का बसला. मृतांचे बहुतेक अंदाज लाखाच्या वर जातात. दीडच महिन्यात चिलीत ८.८ चा बसला, ऊर्जेने त्याच्या पाचशे पट. गेले सव्वापाचशेच्या आसपास, त्यातलेही बरेच समुद्राच्या लाटांनी. हैतीत बांधकामाची राष्ट्रीय नियमावलीच नव्हती. चिलीने दर मोठ्या धक्क्यानंतर आपली नियमावली कडक केली, आणि इमारत पहिल्यांदा विकणाऱ्यावर सांगाड्याच्या दोषाची जबाबदारी दहा वर्षं ठेवली. आपल्या रेरा कायद्यात ती पाच वर्षं आहे. कोयनेचा भूकंप १९६७ चा, किल्लारीचा १९९३ चा. मधे सव्वीस वर्षं गेली. पाच वर्षांच्या हमीने काय होणार? ती निदान चिलीइतकी तरी करावी, ही माझी सरकारकडे मागणी आहे.

नियम आपल्याकडे आहेत, आणि चांगले आहेत. कॉलममधल्या उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगेचं टोक १३५ अंशांत वळवून आत, गाभ्यात घालायचं, असं मानक सांगतं. काटकोनात वाकवलं तर ते टोक वरच्या पातळ थरात राहतं. धक्क्यात तो थर झडला की रिंग उघडते, सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. किल्लारीच्या भिंतीत जो आरपार दगड नव्हता, त्याचं काम काँक्रीटमध्ये ही रिंग करते.

गेल्या महिन्यात घराजवळच्या एका इमारतीच्या कामावर संध्याकाळी थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी कॉलम भरायचे होते, पेट्या अजून लागल्या नव्हत्या. एकेक रिंग हाताने चाचपून बघितली. सगळ्या काटकोनात. सळ्या बांधणाऱ्या माणसाला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, “साहेब, आम्हाला टनावर पैसे. एवढं वाकवायला वेळ जातो, त्याचे कोण देणार?” त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. टनाचा भाव ज्याने ठरवला, तो संध्याकाळी तिथे नव्हता. इंजिनिअरला फोन लावला. “बघतो” म्हणाला.

परवा त्या रस्त्याने गेलो. कॉलम भरून झालेत, पहिला स्लॅबही टाकलाय. फाटकावर बुकिंगचा फलक आहे. त्यावर व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे.